चेंडू हवेत असतानाच निवाडा : ‘इनफिल्ड फ्लाय’ नियम आणि पंचांचा विवेक

बेसबॉलमध्ये एक नियम असा आहे की चेंडू अजून हवेत असताना, कुणाच्याही हातात आलेला नसताना, पंच बोट आकाशाकडे करून फलंदाजाला बाद देतो. त्यानंतर क्षेत्ररक्षकाच्या हातून झेल सुटला किंवा त्याने तो मुद्दाम सोडला, तरी फलंदाज बादच राहतो. ‘इनफिल्ड फ्लाय’ असं या नियमाचं नाव. या नियमावरून अमेरिकेत प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या फेकल्या आहेत, कायद्याच्या नियतकालिकांनी लेख छापले आहेत आणि विधी शाखेच्या एका प्राध्यापकाने अख्खं पुस्तक लिहिलं आहे. वादाचं मूळ एकच. हा नियम फूटपट्टीने लागू होत नाही, पंचाच्या विवेकाने लागू होतो. हा विवेक नियमाचा दोष आहे की त्याचा प्राण, हा प्रश्न शंभर वर्षांहून अधिक काळ चर्चेत आहे. आज खेळात यंत्रं शिरत असताना त्याचा नव्याने आढावा घ्यायला हवा.

नियमाची गरज का पडली?

क्रिकेटच्या सवयीने पाहणाऱ्याला हा नियम आधी अनाकलनीय वाटतो. क्रिकेटमध्ये एका चेंडूवर एकच फलंदाज बाद होऊ शकतो. त्यामुळे सोपा झेल मुद्दाम सोडण्यात क्षेत्ररक्षकाचा काहीच फायदा नसतो. बेसबॉलमध्ये मात्र एका फटक्यावर दोन, क्वचित तीन खेळाडूही बाद होऊ शकतात. सगळी भानगड इथे सुरू होते.

मैदानावर ९० फुटांच्या अंतराने चार बेस असतात, फलंदाज उभा राहतो तो ‘होम’ धरून. फटका मारल्यावर फलंदाजाला पहिल्या बेसकडे धावावंच लागतं. पहिल्या बेसवर आधीचा धावक उभा असेल तर त्याला जागा रिकामी करून दुसऱ्याकडे जावं लागतं आणि दुसऱ्यावरच्याला तिसऱ्याकडे. या सक्तीमुळे क्षेत्ररक्षकाने चेंडू घेऊन पुढच्या बेसला नुसता पाय लावला तरी धावक बाद होतो. यालाच ‘फोर्स आऊट’ म्हणतात. पण चेंडू झेलला गेला की सगळं उलटतं. फलंदाज बाद होतो, सक्ती संपते आणि धावकांना आपापल्या मूळ बेसला पुन्हा स्पर्श करावा लागतो. परतायला उशीर झाला तर तेही बाद.

आता पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर धावक आहेत, दोनपेक्षा कमी खेळाडू बाद झालेत आणि फलंदाजाने चेंडू उंच, जवळच उडवला, अशी स्थिती घ्या. धावक पुढे धावले आणि झेल घेतला गेला, तर ते परतीच्या वाटेवर बाद होतील. ते बेसला चिकटून राहिले आणि क्षेत्ररक्षकाने चेंडू खाली पडू दिला, तर तिसऱ्या आणि दुसऱ्या बेसवर त्यांचा फोर्स आऊट होईल. काहीही केलं तरी नुकसान धावकांचंच. ते चुकत नाहीत, आळस करत नाहीत, तरी त्यांच्यापुढे योग्य असा पर्यायच उरत नाही. क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाला मात्र सोपा झेल न घेण्याचं बक्षीस म्हणून एकाऐवजी दोन बळी मिळतात.

एकोणिसाव्या शतकात इनफिल्डमधले, म्हणजे बेसच्या आसपासच्या आतल्या भागातले, खेळाडू ही युक्ती सर्रास वापरत. अखेर अमेरिकेतल्या व्यावसायिक नॅशनल लीगने १८९५ मध्ये नियम आणला. सुरुवातीला तो एक जण बाद असतानाच लागू होता. १९०१ मध्ये तो कुणीही बाद नसतानाच्या स्थितीलाही लागू झाला आणि आजचं रूप आलं. उपाय साधा पण कल्पक होता. फलंदाजाला आधीच बाद ठरवायचं. मग सक्ती संपते, धावकांना आपल्या जागी थांबता येतं आणि झेल सोडण्यात काही लाभ राहत नाही.

नियमाचे शब्द आणि विवेकाच्या जागा

नियमातल्या काही अटी मोजता येतात. पहिला आणि दुसरा बेस, किंवा तिन्ही बेस, भरलेले हवेत. दोनपेक्षा कमी खेळाडू बाद असायला हवेत. चेंडू फेअर हद्दीत, म्हणजे दोन बाजूंच्या रेषांच्या आत, असावा. सरळ रेषेत सणसणीत गेलेला ‘लाइन ड्राइव्ह’ किंवा बॅट नुसती पुढे धरून केलेला ‘बंट’ यांना हा नियम लागू नाही. फक्त पहिल्या बेसवर धावक असेल तेव्हाही लागू नाही. अशा वेळी फलंदाज नीट धावला तर तो पहिल्या बेसवर पोहोचतो आणि दुहेरी बळीचा धोका टळतो.

खरी अडचण उरलेल्या एका अटीत आहे. इनफिल्डच्या खेळाडूला तो झेल ‘सामान्य प्रयत्नाने’ घेता आला असता का? नियमपुस्तकात सामान्य प्रयत्नाची व्याख्या दिलेली आहे. त्या लीगमधल्या, त्या जागेवर खेळणाऱ्या सरासरी कौशल्याच्या क्षेत्ररक्षकाकडून अपेक्षित असलेला प्रयत्न, तोही मैदानाची आणि हवामानाची स्थिती लक्षात घेऊन. म्हणजे एकच उंच चेंडू शांत हवेत ‘इनफिल्ड फ्लाय’ असेल आणि सोसाट्याच्या वाऱ्यात नसेल. व्यावसायिक लीगमध्ये असेल आणि बारा वर्षांच्या मुलांच्या सामन्यात नसेल.

नियमपुस्तक पुढे जाऊन एक महत्त्वाची गोष्ट बजावतं. हा निर्णय आऊटफिल्ड, म्हणजे मैदानाचा बाहेरचा भाग, सुरू होतो त्या गवताच्या कडेसारख्या किंवा बेसमधल्या रेषेसारख्या मनमानी सीमेवर ठरवायचा नाही. चेंडू आऊटफिल्डच्या खेळाडूने हाताळला तरीही, इनफिल्डच्या खेळाडूला तो तितक्याच सहज हाताळता आला असता असं पंचाला वाटलं, तर तो ‘इनफिल्ड फ्लाय’च. चेंडू फेकणारा पिचर आणि फलंदाजामागचा कॅचर यांनाही या नियमापुरतं इनफिल्डचे खेळाडू मानलं जातं. कुणी अपील करण्याची वाट पाहायची नाही. पंचाने ताबडतोब घोषणा करायची, कारण ती धावकांच्या भल्यासाठी आहे. चेंडू रेषेजवळ असेल तर ‘फेअर असेल तर इनफिल्ड फ्लाय’ असं म्हणायचं.

घोषणेनंतरही चेंडू जिवंत राहतो, हे अनेक खेळाडू विसरतात. धावक स्वतःच्या जोखमीवर पुढे जाऊ शकतात. झेल घेतला गेला तर त्यांना आधी बेसला स्पर्श करावा लागतो, सुटला तर लागत नाही. सक्ती संपलेली असल्यामुळे झेल सुटल्यावर त्यांना बाद करायला नुसता बेसला पाय लावून चालत नाही, चेंडूने त्यांना स्पर्श करावा लागतो. घोषणा ऐकू आली नाही तर गोंधळ उडतो तो इथेच. क्षेत्ररक्षक बेसवर पाय आपटून बळी मिळाल्याच्या आनंदात राहतो आणि धावक नसलेल्या सक्तीने पळत सुटतो.

पंचाला किती वेळ मिळतो? उंच उडालेला चेंडू काही सेकंदच हवेत असतो. घोषणा फार लवकर केली तर वारा चेंडू पळवून नेऊ शकतो. उशीर केला तर धावकांना तिचा उपयोग नाही. म्हणून चेंडू सर्वोच्च बिंदूला पोहोचेपर्यंत थांबायचं आणि मग निर्णय द्यायचा, असं पंचांना शिकवतात. अशी स्थिती आली की पंच पुढच्या चेंडूआधीच एकमेकांना ठरलेली खूण करून आठवण देतात, म्हणजे ऐनवेळी विचार सुरू करावा लागत नाही.

क्रिकेट जाणणाऱ्याला हे पायचीतच्या निर्णयासारखं वाटेल आणि ते बरोबरच आहे. तिथेही पंच घडलेल्या गोष्टीचा नव्हे, घडली असती अशा गोष्टीचा निवाडा करतो. पाय आड आला नसता तर चेंडू यष्टींवर गेला असता का? पण पायचीतच्या प्रश्नाचं उत्तर भौतिकशास्त्रात असतं. ‘सामान्य प्रयत्न’ किती, याचं उत्तर माणसाच्या कौशल्याबद्दलच्या अपेक्षेत असतं. म्हणून इथला विवेक अधिक खोल आणि अधिक वादग्रस्त.

अटलांटा, २०१२

या नियमाच्या इतिहासात सर्वांत जास्त चर्चा झालेला निर्णय ५ ऑक्टोबर २०१२ रोजी अटलांटाच्या टर्नर फील्डवर दिला गेला. नॅशनल लीगचा तो वाइल्ड कार्ड सामना होता. हरणाऱ्याचा हंगाम तिथेच संपणार होता. सेंट लुइस कार्डिनल्स ६-३ ने पुढे होते. आठव्या डावात अटलांटा ब्रेव्ह्जचे पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर धावक होते आणि एक जण बाद होता. अँड्रेल्टन सिमन्सने चेंडू डावीकडे उंच उडवला. कार्डिनल्सचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) पीट कोझ्मा मागे मागे आऊटफिल्डमध्ये गेला, चेंडूखाली आला आणि मग अचानक बाजूला झाला. पुढे येणारा लेफ्ट फील्डर मॅट हॉलिडेही चेंडूपर्यंत पोहोचला नाही. चेंडू दोघांमध्ये पडला. प्रेक्षकांना वाटलं, तिन्ही बेस भरले. पण डाव्या रेषेवरचे पंच सॅम होलब्रूक यांचा हात वर गेला होता. इनफिल्ड फ्लाय. सिमन्स बाद.

बेस भरलेले आणि एक बाद, याऐवजी दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर धावक आणि दोन बाद अशी स्थिती झाली. प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या आणि कचरा फेकला, खेळ १९ मिनिटं थांबला. ब्रेव्ह्जने अधिकृत निषेध नोंदवला. मेजर लीग बेसबॉलचे अधिकारी जो टोरे यांनी तो फेटाळला, कारण पंचाच्या विवेकाच्या निर्णयावर निषेध चालत नसे. कार्डिनल्स ६-३ ने जिंकले आणि चिपर जोन्ससारख्या महान खेळाडूची कारकीर्द त्याच सामन्यात संपली. शहर अजूनही हा निर्णय विसरलेलं नाही.

हा निर्णय बरोबर होता का? दोन्ही बाजूंचं म्हणणं वजनदार आहे. टीकाकार म्हणतात, चेंडू इतक्या लांब होता की तिथून दुहेरी बळी मिळवणं फारच अवघड होतं. धावकांना सापळ्यातून वाचवण्यासाठी केलेला नियम इथे सापळाच नसताना त्यांच्याविरुद्ध वापरला गेला. समर्थक म्हणतात, नियमात दुहेरी बळी शक्य होता का, असा प्रश्नच विचारलेला नाही. प्रश्न एकच आहे. सामान्य प्रयत्नाने झेल घेता आला असता का? कोझ्मा चेंडूखाली स्थिर झाला होता. होलब्रूक यांनी सामन्यानंतर हेच कारण दिलं.

माझ्या मते समर्थकांचा मुद्दा अधिक पक्का आहे. गवतावर किती आत, हा निकष नियमाने स्पष्टपणे नाकारलेला आहे. ‘हा झेल घेता येईल का’ या प्रश्नावर ‘आणि सोडला तर दुहेरी बळी मिळेल का’ हा दुसरा प्रश्न चढवला, तर पंचाला त्याच काही सेकंदांत दोन काल्पनिक गोष्टींचा अंदाज बांधावा लागेल. त्याने चुका वाढतील, कमी होणार नाहीत. पण एका बाबतीत टीकाकारच बरोबर आहेत. घोषणा फार उशिरा, चेंडू जमिनीजवळ आला तेव्हा झाली. ज्या धावकांसाठी ही घोषणा करायची, त्यांना तिचा काही उपयोग झाला नाही. निवाडा टिकण्यासारखा होता, त्याची वेळ मात्र टिकण्यासारखी नव्हती. शिवाय डाव्या रेषेवर पंच असतो तो मुख्यतः बाद फेरीत, तिथे सहा पंच असतात. नेहमीच्या हंगामात चारच पंच असतात आणि हा निर्णय बहुधा इनफिल्डकडून पाहणारा पंच देतो. नेहमीपेक्षा वेगळ्या कोनातून, हंगामातल्या सर्वांत तणावाच्या क्षणी दिलेला हा निर्णय होता.

शिकागो, २०२४

दुसरं महत्त्वाचं प्रकरण २३ मे २०२४ चं. शिकागो व्हाइट सॉक्स बाल्टिमोर ओरिओल्सविरुद्ध ६-८ ने मागे होते. शेवटच्या डावात दोन धावक बेसवर होते आणि एक जण बाद होता. अँड्र्यू बेनिन्टेंडीने चेंडू उंच उडवला आणि इनफिल्ड फ्लायची घोषणा झाली. दुसऱ्या बेसवरचा अँड्र्यू व्हॉन बेसकडे परतत असताना शॉर्टस्टॉप गनर हेंडरसनच्या वाटेत आला. हेंडरसनने झेल घेतलाही. तरी पंच ज्युनिअर व्हॅलेंटाइन यांनी अडथळ्याचा निर्णय दिला आणि व्हॉनलाही बाद ठरवलं. तीन बाद झाल्याने डाव आणि सामना तिथेच संपला.

नियमाचं अक्षर पाहिलं तर आधार आहे. क्षेत्ररक्षकाला अडवणारा धावक हेतू असो वा नसो, बाद असतो. इनफिल्ड फ्लायच्या वेळी अडथळा झाला आणि चेंडू फेअर ठरला, तर फलंदाज आणि धावक दोघेही बाद होतात. हेतूचा प्रश्न धावक बेसवर उभा असेल तेव्हाच येतो. पण ‘अडवलं’ कशाला म्हणायचं, हा पुन्हा विवेकाचाच प्रश्न. पंचाला इथे विवेक वापरण्याची मुभा होती, असं लीगने आपल्याला कळवल्याचं व्हाइट सॉक्सच्या व्यवस्थापनाने नंतर सांगितलं. सहज घेतलेल्या झेलावर अडथळ्याचा बळी देणं मला नियमाच्या आत्म्याशी विसंगत वाटतं. फलंदाज आधीच बाद झालेला होता, झेल सुटला असता तरी निकाल बदलला नसता. ज्या कृतीने कुणाचंही नुकसान झालं नाही, तिला सामन्याचा शेवट करण्याइतकं वजन देणं म्हणजे विवेक हातात असूनही न वापरणं. अटलांटात पंचावर विवेक जास्त वापरल्याचा आरोप झाला. शिकागोची अडचण विवेकाच्या अभावाची होती.

कायद्याच्या अभ्यासकांचा रस

१९७५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या विधी नियतकालिकात या नियमाच्या कॉमन लॉमधल्या मुळांवर एक छोटा लेख लेखकाच्या नावाशिवाय प्रसिद्ध झाला. लेखक होते विद्यार्थी विल्यम स्टीव्हन्स. जुन्या खिलाडूपणाच्या संकेतांवर भागत नाहीसं झालं, तेव्हा खेळाने प्रसंगागणिक लेखी नियम घडवले, तसा इंग्रजी कायदाही प्रकरणागणिक वाढत गेला, असा त्यांचा सूर होता. तो लेख अमेरिकेच्या विधी वर्तुळात वारंवार उद्धृत झाला आणि नंतरच्या अनेक लेखांची सुरुवात त्यातून झाली.

२०१५ मध्ये त्याच नियतकालिकात न्यायाधीश अँड्र्यू गिलफर्ड आणि जोएल मॅलर्ड यांनी उलट मागणी केली. नियम काढून टाका. झेल मुद्दाम सोडून दोघांना बाद करणं हेही कौशल्यच आहे, त्यात चूक झाली तर धावकांनाही संधी मिळते आणि खेळ रंगतो. त्यांना उत्तर देणारे मुख्य अभ्यासक म्हणजे फ्लोरिडा इंटरनॅशनल विद्यापीठाचे प्राध्यापक हॉवर्ड वॉसरमन. २०१९ च्या त्यांच्या पुस्तकात त्यांनी नियमाचा इतिहास आणि प्रत्यक्ष वापर तपासला. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा : एक बाजू खेळात अपेक्षित असलेली गोष्ट मुद्दाम टाळते, त्यातून तिला अवाजवी लाभ होतो, दुसरी बाजू ते रोखू शकत नाही आणि म्हणून ही युक्ती पुन्हा पुन्हा करण्याचा मोह होतो. हे चारही घटक एकत्र आले की खास नियम हवा. इतरत्र नको.

मला वॉसरमन यांची बाजू पटते. खेळाचा मूळ करार असा आहे की झेल घेणं हे न घेण्यापेक्षा चांगलं. हा करार मोडण्याचं बक्षीस देणारा खेळ मुलांना काय शिकवेल, याचा विचार हवा. झेल सोडण्यातही कौशल्य आहे हे खरं, पण समोरच्याकडे बचावाचा मार्गच नसताना वापरलेलं कौशल्य म्हणजे स्पर्धा राहत नाही.

अमेरिकेचे सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी २००५ मध्ये आपल्या नियुक्तीच्या सुनावणीत न्यायाधीशाची तुलना पंचाशी केली होती. पंच नियम करत नाही, फक्त लागू करतो, असा त्यांचा मुद्दा होता. इनफिल्ड फ्लाय या विधानाची मर्यादा दाखवतो. नियम लागू करायचा तर आधी ‘सामान्य’ म्हणजे काय ते ठरवावं लागतं आणि ते ठरवणं हेच पंचाचं काम आहे.

यंत्र हा निर्णय देईल का?

मेजर लीगमध्ये २०१४ पासून अनेक निर्णय व्हिडिओवर तपासता येतात. इनफिल्ड फ्लायचा निवाडा त्या यादीत नाही. स्ट्राइक आणि बॉलचे, म्हणजे पिचरने फेकलेला चेंडू योग्य पट्ट्यातून गेला की नाही याचे, निर्णय आव्हान देऊन यंत्राकडे नेण्याची पद्धत २०२६ च्या हंगामापासून लागू करण्याचं लीगने ठरवलं. मग हा नियमच का मागे राहावा, असा प्रश्न स्वाभाविक आहे.

चेंडूची उंची, हवेतला वेळ आणि खेळाडूचं अंतर मोजणारी स्टॅटकास्ट यंत्रणा २०१५ पासून सर्व मैदानांवर आहे. आऊटफिल्डमधला प्रत्येक झेल किती शक्य होता, याची टक्केवारीही ती देते. इनफिल्डसाठी तशी टक्केवारी काढून ‘९५ टक्क्यांच्या वर असेल तर इनफिल्ड फ्लाय’ असं ठरवणं तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही. पण त्याने प्रश्न सुटत नाही, फक्त जागा बदलतो. ९५ का, ९० का नाही? टक्केवारी सरासरीतून निघते, त्या संध्याकाळच्या ओल्या गवताची आणि डोळ्यांवर येणाऱ्या सूर्याची तिला कितपत जाण असेल? आणि चेंडू हवेत असतानाच धावकाला कळायला हवं, ते कुणी ओरडून सांगितल्याशिवाय कसं कळणार? नंतर व्हिडिओ पाहून बदललेला निर्णय तर धावकांनी पूर्वीच्या निर्णयावर विश्वास ठेवून केलेल्या हालचालीच खोट्या ठरवेल. म्हणून हा निर्णय फेरतपासणीला न पाठवण्यात शहाणपण आहे.

निष्कर्ष

या आढाव्यातून माझं मत पक्कं झालं आहे. नियम राहावा आणि त्यातला विवेकही राहावा. विवेक काढून टाकायचा तर गवताची कड किंवा टक्केवारीची रेषा आणावी लागेल आणि चतुर खेळाडू त्या रेषेच्या पलीकडे लगेच तीच जुनी युक्ती करायला लागतील. पण विवेकाबरोबर जबाबदारी यायला हवी. घोषणा चेंडू माथ्यावर असताना आणि मोठ्याने व्हावी. एका पंचाने बोट वर केलं की बाकीच्यांनीही करावं. वादग्रस्त निर्णयानंतर लीगने कारण सार्वजनिक करावं. चूक झाली असेल तर तेही सांगावं, निकाल न बदलता.

हे अमेरिकेपुरतं नाही. सॉफ्टबॉलमध्येही हाच नियम आहे आणि महाराष्ट्रात शाळा-महाविद्यालयांत सॉफ्टबॉल आणि बेसबॉल खेळणारी मुलं-मुली मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या सामन्यांना पंचगिरी करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की शालेय स्पर्धेतला ‘सामान्य प्रयत्न’ राष्ट्रीय स्पर्धेतल्यापेक्षा वेगळा असतो. सामन्याआधीच्या सरावात क्षेत्ररक्षक उंच झेल कसे घेतात ते पाहून ठेवावं, वाऱ्याचा अंदाज घ्यावा, सोबतच्या पंचाशी खूण ठरवावी. प्रशिक्षकांनी मुलांना घोषणा झाल्यावर काय करायचं ते मैदानात उतरण्याआधी शिकवावं. पंचाचा विवेक म्हणजे मनमानी नव्हे. नियमाचा हेतू जाणून, योग्य क्षणी, सर्वांना ऐकू जाईल असा दिलेला निर्णय म्हणजे विवेक. तो वापरण्याचं धाडस आणि त्याचा हिशेब देण्याची तयारी, या दोन्ही गोष्टींची अपेक्षा आपण पंचाकडून ठेवली पाहिजे.